पहिला रकाना कोराच

दादा, तुम्ही रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेला कॉम्प्युटर अजून चालतो. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आईलाही चार झाली. कासारवाडीच्या या घरातलं बाकी सगळं बदललं, तो मात्र त्याच खिडकीपाशी आहे आणि स्टेशनात गाडी शिरली की त्याचं टेबल अजून थरथरतं. मध्ये त्याचे काही भाग बदलले, विंडोज दोनदा नवं घेतलं, पण चालू केला की पडद्यावर आधी तुम्हीच येता. दुकानदार नाव टाकायला बसला होता, तर तुम्ही त्याला उठवलंत. "सरका, माझ्या मशीनवर नाव मीच टाकनार." मग एका बोटाने मराठी अक्षरं शोधत शोधत 'दादा' लिहिलंत. आम्ही मुलं, शेजारी, कंपनीतले, सगळे तुम्हाला तेच म्हणायचे. आम्ही हसलो होतो.

चाकणची माझी नोकरी सुटली. बावीस वर्षं कागदावरची ड्रॉइंग बघून पार्ट तपासले, मग ड्रॉइंगचा कागदच गेला, सगळं पडद्यावर आलं. आमचं पंधरा दिवसांचं ट्रेनिंग झालं, त्यात मी सगळ्यांत शेवटचा आलो. पार्ट हातात द्या, डोळे मिटून सांगेन कुठे काय चुकलंय. पडद्यावर तोच पार्ट फिरवला की मला वरखाली कळत नाही. साहेबांनी आम्हा मागे पडलेल्या चौघांना चहा पाजला आणि घरी पाठवलं, त्याला आता आठ महिने झाले. सकाळी कंपनीची बस चौकात थांबते तेव्हा मी गॅलरीतून आत येतो, कारण खिडकीतले चेहरे ओळखीचे असतात. अशात गेल्या मंगळवारी जुन्या सुपरवायझरांचा फोन आला. त्यांनी स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलंय. म्हणाले, "राव, डिझाइनचं सॉफ्टवेअर घरी टाका, चार दिवस हात बसवा आणि सोमवारी या. माझ्यासमोर एक पार्ट काढून दाखवा, जागा तुमची." बायकोने त्याच मिनिटाला देवापुढे साखर ठेवली.

आणि सॉफ्टवेअर बसेना. पट्टी निम्म्यापर्यंत हिरवी होते, थांबते, एक चौकोन येतो, मी 'ओके' दाबतो आणि झालेलं सगळं आपोआप पुसलं जातं. मी अँटिव्हायरस बंद केला, फाइल पुन्हा डाउनलोड केली, डिस्कवर जागा केली, विंडोजचे राहिलेले अपडेट घेतले, बंद-चालू तर किती वेळा केलं. दर वेळी वहीत लिहिलं, तुमच्यासारखं. खंडेनवमीच्या पूजेला घरच्यांना कंपनीत सोडायचे, तेव्हा तुमच्या लेथ मशीनला सुतळीने बांधलेली ती वही मी पाहिली होती. दोन रकाने: मशीन काय म्हणाली आणि मी काय केलं. पहिला भरल्याशिवाय दुसऱ्यात एक अक्षर लिहायचं नाही, तिन्ही शिफ्टला तुमचा हाच दंडक. माझ्या वहीत दुसऱ्या रकान्याची चार पानं भरली आहेत. पहिला कोरा.

मी दहा वर्षांचा असताना माझ्याकडून आईच्या शिलाई मशीनची सुई मोडली होती, आठवतं? तुम्ही पहिली पाळी करून आला आहात, हातपाय न धुता मशीनपुढे उकिडवे बसला आहात. मी सांगतोय, दोरा खराब होता. तुम्ही विचारता, "मोडायच्या आदी मशीन काय बोलली?" मी म्हणतो, काही नाही. "टकटक करत आसंल. टकटक झाल्याबिगर सुई मोडत न्हाई. ऐकू आली न्हाई तुला?" मी म्हणतो, नाही. आई मध्ये पडते, "आसू द्या हो, सुईच तर हाय." "सुईचं काय न्हाई गं," तुम्ही म्हणता, "ऐकू येऊन बी हा पाय मारत ऱ्हायला, त्याचं हाय." मारलं नाहीत. दोन दिवस बोलला नाहीत, तेच जास्त लागलं.

काल बायकोने न राहवून ताईच्या मुलीला फोन लावला. ती आयटीत आहे, मारुंजीत राहते. म्हणाली, "मामा, चौकोनात काय लिहिलंय ते वाचा ना." मी वाचून दाखवलं. "अहो, त्यातच सांगितलंय की! तुमच्या अकाउंटच्या फोल्डरचं नाव मराठीत आहे, ते त्या सॉफ्टवेअरला चालत नाही. इंग्लिश अक्षरांत नवीन अकाउंट करा, दहा मिनिटांचं काम आहे." मी विचारलं, आहे तेच नाव बदललं तर? "वरचं बदलेल. आत फोल्डर जुन्याच नावाचा राहतो." मग म्हणाली, "पण मामा, चार दिवसांत हे वाचलं नाहीत?" मी म्हणालो, चष्मा सापडत नव्हता.

वाचलं होतं, दादा. बुधवारी, पहिल्याच चौकोनात. त्या इंग्रजी ओळीच्या शेवटी तुमचं नाव दिसलं आणि मला हायसं वाटलं. तुमची आठवण जपायची होती असं म्हणायला बरं वाटेल, पण तसं काही नव्हतं. ते बसत नव्हतं तोवर मला येत नाही हे कुणाला कळणार नव्हतं. शेजारी विचारायचे आणि बायको सांगायची, यांचं सगळं तयार आहे, सॉफ्टवेअरच बसत नाही. चार दिवस मी तुमच्या नावाआड लपून बसलो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, लाज वाटते.

आज रविवार. बायको देवळात गेली तेव्हा मी नवीन अकाउंट केलं. पट्टी शेवटपर्यंत हिरवी झाली, कुठे अडली नाही. सॉफ्टवेअर उघडलं. भोक पाडलेला एक साधा बुश, धातूची आखूड नळी, काढायला घेतला, तुम्ही जेवणाच्या सुट्टीआधी लेथवर सहज पाच-सहा उतरवायचात तसला. दोन तास झाले, भोक काही मध्यभागी येईना. मग बंद केलं आणि तुमच्या अकाउंटमध्ये परत येऊन बसलो. तेवढ्यात ती आली, चपला काढता काढता तिने विचारलं, "झालं का हो?" मी म्हणालो, "नाही गं, तोच एरर येतोय." "दादांचा कॉम्प्युटर जुना झालाय, त्याला तरी काय बोलणार," असं म्हणून ती चहा टाकायला गेली. उद्या सुपरवायझरांनाही मी हेच सांगणार आहे.

हे वहीच्या मागच्या पानांवर लिहिलंय, आणि वही माळ्यावर जाईल. सॉफ्टवेअर दुपारीच बसलंय, दादा. आणि त्या दिवशी आईच्या मशीनची टकटक मला ऐकू आली होती.