वीस खांबांची पिशवी

मी, खाली अंगठा उठवणारी, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा क्रोशाचे विणकाम शिकवणे, आज माझ्या पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्याला किंवा रडण्याला भीक न घालता, माझ्यामागे काय कोणाचे व्हावे हे लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी आत्ताच तपासले. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या स्वेटरचा डावा काठ उसवत आलाय, हेही सांगितले.

बोटे वाकडी झाल्यामुळे माझ्या हातात आता ना सुई ठरते ना पेन. म्हणून धाकटी मुलगी लिहीत आहे. जिला मिळायचे तिनेच लिहू नये, असे वकील म्हणाले होते. पण मला हे तिच्याच अक्षरात हवे आहे, म्हणजे पुढे "मला कुठे माहीत होतं" म्हणायची सोय राहणार नाही.

कलम १. माझी मिळकत म्हणजे हे घर: पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि अंगणातला नळ. सासरकडून मला सासूबाईंचे टोमणे तेवढे मिळाले. घर मी क्लासवर उभे केले. शेचाळीस वर्षे या खोलीत रोज दुपारी बायका-मुली सतरंजीवर बसल्या आणि मी याच खुर्चीवर. खुर्चीवर दुसरे कोणी बसलेले मला कधी खपले नाही. मी गेल्यावर खुर्ची मोडून टाकावी.

कलम २. माझ्या एकवीस सुया थोरल्या मुलीला द्याव्यात. तिने पलीकडच्या गल्लीत स्वतःचा क्लास काढला आणि पाटीवर "बाईंच्या पद्धतीने" असे लिहिले. मी जिवंत असताना! सुयांच्या आकड्या आता गंजल्या आहेत, दोरा अडकतो. तेच हवे आहे. या मृत्युपत्राचे वाचन चालू असताना तिने रडू नये. रडली की तिचे नाक लाल होते आणि ते तिला लहानपणीही शोभत नव्हते.

कलम ३. मागच्या खोलीतल्या पेटीत लाल दोऱ्याच्या चौदा गुंड्या आहेत. त्या दोरेवाल्याला परत कराव्यात. पक्का रंग म्हणून दिलेला हा दोरा पहिल्याच धुण्यात उतरला आणि सात मुलींच्या पिशव्या गुलाबी झाल्या. दोरेवाला इथे साक्षीला बसला आहे. तो म्हणतो, "बाई, त्याला वीस वर्षं झाली, आता कशाला लिहिताय?" म्हणूनच लिहिते आहे.

कलम ४. समोरची भिंत. या भिंतीवर खिळ्यांना पिशव्या टांगलेल्या आहेत, त्या कशाच्या हे परक्या माणसाला कळावे म्हणून सांगते. माझ्याकडे नवी आलेली प्रत्येक जण आधी एक लहान पिशवी विणायची. बावीस साखळ्या घालायच्या, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला टाका घ्यायचा आणि वीस खांबांची, म्हणजे उभ्या लांब टाक्यांची, ओळ पुरी करायची. अशा सोळा ओळी. मग दुमडून दोन्ही बाजू मुक्या खांबांनी, म्हणजे आखूड टाक्यांनी, जोडायच्या आणि तोंडाशी दोरी ओवायची. सोपे आहे. तरी शंभरातल्या नव्वद जणी एकाच जागी चुकतात. ओळीच्या सुरुवातीला घातलेल्या तीन साखळ्या हाही एक खांबच असतो. परत येताना त्याच्यावर टाका घ्यायला विसरतात आणि ओळीमागे एकेक खांब गळत जातो. पिशवी वर जाताना निमुळती होते. अशी पिशवी मी सगळ्यांसमोर हातात घ्यायची, टोक धरायचे आणि खेचायचे. पाच मिनिटांत पुन्हा दोरा. बिनचूक असेल ती भिंतीवर जायची. थोरलीची सहाव्या खेपेला भिंतीवर गेली. धाकटीने आयुष्यात एकच पिशवी केली, वयाच्या नवव्या वर्षी. ती खांब गळल्यामुळे मी उसवली. त्यानंतर तिने सुई हातात घेतली नाही. कच्च्या हाताला तेवढे निमित्त पुरते.

कलम ५. राहते घर धाकटीला मिळावे, परंतु एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांत तिने याच खोलीत, साक्षीदारांसमोर, वर सांगितलेली पिशवी एका बैठकीत विणून दाखवावी. खांब थोरलीने मोजावेत. एकही गळला असेल तर घर थोरलीचे. अकरा वर्षे धाकटीने माझे केले, माझी वेणी घातली, मला घास भरवला, हे मला मान्य आहे. त्याबद्दल तिचे आभार. पण ज्या भिंतीवर जिचे काही नाही, त्या भिंतीची मालकीण तिने फुकटात होऊ नये.

इथे धाकटी लिहायची थांबली. काय झाले म्हणून विचारले तर म्हणाली, "आई, खांब गळला नव्हता."

मी म्हटले, "पुढे लिही."

"मी मोजले होते. प्रत्येक ओळीत वीस. दोनदा मोजले होते."

डॉक्टरांनी घसा साफ केला. दोरेवाला छताकडे बघू लागला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीसमोर, ही मला खांब शिकवणार! मग मीही सांगून टाकले, आणि सांगितले ते जसेच्या तसे लिहायला लावले. ते असे:

हो, वीसच होते. सोळाही ओळींत वीस. मला ठाऊक होते. त्या दिवशी सासूबाई दारात बसल्या होत्या. सात शिकणाऱ्या बायकांसमोर त्या म्हणाल्या, "पहिल्याच फटक्यात! हिचा हात तुझ्यापेक्षा चांगला आहे गं." मी सुई धरून बारा वर्षे झाली होती आणि त्या बाईने एकदाही माझ्या कामाकडे मान वळवून पाहिले नव्हते. माझ्या पोटात दुखले. मी म्हटले, खांब गळलाय, आणि टोक खेचले. पोरगी रडली नाही, नुसती बघत राहिली. त्याचाही मला राग आला.

एवढे सगळे धाकटीने लिहिले. अक्षर कुठे हलले नाही.

(येथून पुढचा मजकूर बाईंच्या सांगण्यावरून मी, डॉक्टर, लिहीत आहे.)

धाकटीने पेन खाली ठेवले. उठून माझ्या टोपलीतून सुई आणि पांढरा दोरा घेतला आणि सतरंजीवर, शिकणाऱ्या बसत तिथे बसली. बावीस साखळ्या तिने न बघता घातल्या. कुठे शिकलीस म्हणून विचारले तर म्हणाली, "स्वयंपाकघरात ऐकू यायचं सगळं." शेचाळीस वर्षांत इतका सारखा हात मी पाहिला नाही. थोरलीचा नाही, माझाही नाही. तासाभरात पिशवी झाली. दोरी ओवून तिने ती माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मोज."

मी मोजले. माझी बोटे टाक्यांवर ठरत नव्हती, तरी सगळ्या ओळी मोजल्या. वीस. मी तसे मोठ्याने सांगितले आणि साक्षीदारांनी ऐकले. मी म्हटले, "भिंतीवर टांग. मधल्या खिळ्याला."

तिने पिशवी उचलली, दोरी काढून घेतली, शेवटची गाठ सोडली आणि टोक खेचले. ओळीमागून ओळ, सावकाश. मी नको म्हटले. तीनदा नको म्हटले. सगळा दोरा उसवून झाल्यावर तिने त्याची नीट गुंडी केली, माझ्या मांडीवर ठेवली, चपला घातल्या आणि गेली. दार उघडेच आहे.

कलम ६. कलम ५ मधली अट रद्द. घर धाकटीचे. जाताना दारातून ती "थोरलीला दे" म्हणाली, ते कोणी ऐकलेले नाही असे धरावे.

कलम ७. मधल्या खिळ्याला काही टांगू नये.

दुपारच्या गोळ्यांची वेळ टळून गेली आहे. मी दोनदा हाक मारली. डॉक्टर म्हणतात, ती मागच्या खोलीत नाही, अंगणातही नाही. गोळ्या कुठल्या डब्यात असतात हे मला माहीत नाही. मला कधी विचारावे लागले नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे. खाली माझा डावा अंगठा. माझा हात धरायची सवय धाकटीला होती. आज तो दोरेवाल्याने धरला.

साक्षीदार १: डॉक्टर (सही)
साक्षीदार २: दोरेवाला (सही)
ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर, मंगळवार