ज्येष्ठमध, चॉकलेट आणि माझा उजवा डोळा

५ जानेवारी
रामदासपेठेत डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आलो. मी आणि कौसल्या, दोघांनाही मोतीबिंदू. डॉ. सुमंत म्हणाले, दोघांचेही पिकले, एकापाठोपाठ एक उरकून टाका. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, आधी यांचं होऊ द्या, मग माझं. तिला हल्ली तांदळातले खडे दिसत नाहीत. म्हणजे माझं लवकर झालंच पाहिजे. माझ्या उजव्या डोळ्याला वीस तारीख पक्की.

घाबरण्यासारखं काहीच नाही. मी वीज कंपनीतून रिटायर झालेला माणूस. (अकाउंट्सला होतो, पण कंपनी विजेचीच.) फक्त एक खटकलं. झोपवत नाहीत. नुसते थेंब टाकतात, माणूस जागाच असतो. जागा! मी सहज तीनदा विचारून खात्री करून घेतली. अट एकच, बीपी ताब्यात पाहिजे.
संकल्प : मन शांत ठेवणे. लोणचं बंद.

७ जानेवारी
लेकीचं, मोनालीचं पार्सल आलं, डेन्मार्कहून. काळा गोल डबा, इतका देखणा की आधी वाटलं पोरीनं घड्याळ पाठवलं. आत चॉकलेटच्या गोट्या. एक तोंडात टाकली. वरचं चॉकलेट झकास. मग आत दात रुतला आणि अरे बापा! काळंकुट्ट, चिवट. आधी खारट, मग औषधी, मग एकदम गोड. वाटलं, संपलो. थुंकायला बेसिनकडे पळालो. तिथं पोचेपर्यंत आवडली.
कौसल्येनं अर्धीच खाल्ली. म्हणाली, काढ्याले चॉकलेट लावून काहून पाठवून राहिली पोरगी.

८ जानेवारी
मोनालीला फोन केला. म्हणाली, आत ज्येष्ठमध आहे. तिकडे लोक शौकानं खातात, भारीतला माल आहे. पण बाबा, एखादीच खा.
ज्येष्ठमध! म्हणजे औषधच. लहानपणी घसा बसला की आई हेच चघळायला द्यायची. औषध एखादवेळी घेऊन गुण येतो का? सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक, जेवणानंतर. शिवाय ऑपरेशनच्या सुईचा विचार आला की एक.
आज सुईचा विचार बऱ्याचदा आला.

११ जानेवारी
शेजारचे मनोहरराव आले. त्यांच्या कुही गावच्या साडूचं हेच ऑपरेशन झालं. कोणी विचारलं नसताना सांगू लागले, की साडूला नेमकी तेव्हाच शिंक आली. पुढे काय झालं ते ऐकायचा धीर, म्हणजे वेळ, नव्हता. आत जाऊन दोन गोट्या खाल्ल्या.
मला शिंका येतात. रोज येतात.
संध्याकाळी बीपी मोजलं. मशीन बिघडलं आहे.

१३ जानेवारी
मशीनचे सेल बदलले. तरी बिघडलेलंच. मनोहररावांचं आणलं. त्यांचंही बिघडलेलं. पाय सुजले, चपलेत जात नाहीत. छातीत धडधड. कौसल्येनं विचारलं, एवढ्या थंडीत घामेजून काहून राहिले? म्हटलं, व्यायाम केला.
खरं सांगू? इथे कोण वाचतंय! फार भीती वाटून राहिली. डोळे मिटले की काहीतरी चकचकीत खाली येताना दिसतं.

१५ जानेवारी
मोनालीनं विचारलं, डबा किती उरला? म्हटलं, आहे. (तळ दिसतो.) पोरगी ओरडलीच. बीपीवाल्यांनी हे जास्त खायचं नाही म्हणे, डब्यावरच लिहिलंय. प्रेशर वाढतं, पाय सुजतात.
म्हणजे मीच मला मारून राहिलो! डबा तडक कचऱ्यात.

दुपारी काढला. एक तर डब्यावरचं त्यांच्या भाषेत लिहिलंय, म्हणजे थंड देशातल्या माणसांसाठी. दुसरं, पोरीनं प्रेमानं पाठवलेलं फेकणं बरं दिसत नाही. आणि प्रेशर वाढलंच, तर जास्तीत जास्त काय होईल? ऑपरेशन पुढे ढकलतील. त्यासाठी मी खाऊन राहिलो असं मुळीच नाही.

१८ जानेवारी
कौसल्येनं चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. म्हणाली, डबे सारखेच दिसतात हो. वर हसून म्हणाली, तुमचं झालं की माझाच नंबर आहे ना.
मी तो चहा गुपचूप प्यायलो.
संकल्प : उद्यापासून गोट्या बंद. आज शेवटच्या तीन.

२० जानेवारी
दवाखाना. हिरवा गाऊन, डोक्याला टोपी. सिस्टरनं प्रेशर घेतलं. मग दुसऱ्या हाताला घेतलं. मग डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, प्रेमानंदजी, आज शक्य नाही. खाताय तरी काय? मी म्हटलं, काहीच नाही. कौसल्येनं सगळं सांगून टाकलं, उशीखालच्या गोट्यांसकट. तिला ठाऊक होतं तर! डॉक्टर म्हणाले, ते ज्येष्ठमध आजपासून बंद. आधी प्रेशरच्या डॉक्टरांना दाखवा, डोळ्याचं पुढच्या महिन्यात.
मी चेहरा पाडला. आतून नाचत होतो.

तेवढ्यात कौसल्या म्हणाली, मग यांच्या जागी मले घ्या, माझे रिपोर्ट तयार आहेत. तिचं प्रेशर बघितलं. एकदम नॉर्मल. डोळ्यात थेंब टाकत तिला बसवलं आणि मग बोलावणं आलं. हातातल्या बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या नि गेली. दार बंद झालं.

मग जी भीती वाटली! आधीची सगळी तिच्यापुढे थट्टा होती. तिला शिंक आली तर? ती जागी आहे, एकटी आहे, आणि आज खरं तर मी तिथे पाहिजे होतो. बांगड्या मुठीत धरून बसलो.

ती आली, काळा चष्मा लावून. मी विचारलं, घाबरली नाही? म्हणाली, तारीख निघाली तेव्हापासून घाबरून राहिली. पण घरात एक जण एवढा घाबरला, तर दुसऱ्यानं घाबरायचं कुठं?
तिचा हात धरून ऑटोत बसलो. लोकांना वाटलं असेल, मी तिला सांभाळून राहिलो.
घरी आल्यावर म्हणाली, पुढच्या महिन्यात दारापर्यंत मी येते सोबत, मग तुम्ही आत जा.
मी म्हटलं, दारापर्यंतच का? तुलाही आत येता येतं का, डॉक्टरांना विचारून बघ ना.