पंधरा-चौदा

५ मार्च
शाळेतून परस्पर दादाकडे. अर्धांगाचा झटका आल्यापासून आज पहिल्यांदा त्याने स्वतःहून काही मागितलं. वहिनी घास भरवत होती, तिचा हात बाजूला सारून कपाटाकडे बोट. डावा हात लोंबतोय, जीभ जड, पण नजर तीच. फिरवायचे रंगीत ठोकळे, पिरॅमिड, आयुष्यभर जमवलेली सगळी कोडी सोडून हवी काय, तर पंधराची पाटी! लहानपणी आण्णांनी गड्ड्याच्या जत्रेत घेऊन दिलेली, त्याच्या संग्रहातली पहिली. पंधरा सोंगट्या, एक घर रिकामं, सरकवत आकडे ओळीने लावायचे. पूर्वी चहा निवायच्या आत लावायचा.
म्हणाला, "हे... सुटलं की... मी बरा." वहिनी रडली, मीही. आनंदाने.

८ मार्च
सुटत नाही. पाटी मांडीत दाबून, एका हाताने, दिवसभर. जेवण तसंच.

११ मार्च
व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंना दादाने परत पाठवलं. "डोकंच गेलंय. हात... कशाला." हे सुरुवातीचे महिने वाया गेले तर हात परत येणं अवघड, डॉक्टरांनी बजावलंय. मी ओरडले. आजारी माणसावर!

१२ मार्च
रविवारसारखी निवांत बसले त्याच्याशेजारी, नीट पाहिलं. तेरापर्यंत बरोबर लावतो. मग शेवटी पंधरा, चौदा. मोडतो, लावतो, परत पंधरा, चौदा. नुसतं सरकवून असं कधीच होत नाही, आणि असं दिसलं तर ती पाटी सरकवून जन्मभर सुटत नाही. दादानेच शिकवलंय, "असं दिसलं की समजायचं, कुणीतरी सोंगट्या काढून बसवल्यात."
वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. त्याला दवाखान्यातून आणायच्या आदल्या दिवशी नळाला पाणी आलेलं, म्हणून तिने कपाट धुऊन काढलं.
"लई धूळ हुती की वन्सं. पाटी सोड्याच्या पाण्यात टाकून घासली तर कड सुटून सोंगट्याच निघाल्या. बसतील तशा बसवल्या. म्हटलं, आकडे ह्ये लावत्यातच की."
तिचा विश्वास खोटा नव्हता.

१३ मार्च
शाळेत शिकवण्यात लक्ष नाही. पाटी बिघडली त्याचं काही नाही. पण दादाला ते ओळखू येईना, त्याचं काय? गुपचूप दुरुस्त करावी तर झोपतानाही उशाशी घेतो. सांगावं तर...

१४ मार्च
सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.
"मला बरं वाटावं... म्हून सांगतीस व्हय?"
आण्णांची शपथ घातली. हसला, अर्ध्या तोंडाने. ते हसू बघवत नाही.

१६ मार्च
या घरात एकच कडक नियम: कोडं खोलायचं नाही. खोलेल तो चोर. आज त्याच्यादेखत चमच्याच्या दांड्याने पत्र्याची कड उचकटली. "नको!" म्हणाला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा इतकं स्पष्ट. थांबले नाही. दोन सोंगट्या काढल्या, दाखवल्या, जागा बदलून बसवल्या.
"बघ, लागलं की नाही?"
"तू... लावलंस. चोरून."
मग न खोलता, नुसतं सरकवून, त्याच्यासमोर सगळी मोडली आणि मांडीवर ठेवली. आता सुटणारच. सुटायलाच हवी.
घरी येताना सिग्नलला उभी होते आणि लक्षात आलं. कालपर्यंत दोष पाटीचा होता. आज तोही मी काढून घेतला. आता नाही सुटली तर? काय करून बसले मी.

१७ मार्च
हात लावला नाही. वहिनीचा फोन, "नुसतं बघत बसत्यात वो."

१८ मार्च
तसंच. देवा, काहीतरी कर.

१९ मार्च
व्यायामाच्या बाईंना मीच परत बोलावलं, त्याला न विचारता. त्यांच्या आधी पोचले. पाटी मांडीवर, बारापर्यंत लागलेली! शेवटची ओळ मात्र दिसेना. डावा हात उजव्याने उचलून तिच्यावर ठेवलेला, झाकणासारखा.
"काढ की हात."
"पंधरा-चौदा... असंल तर?"
वहिनीने ठेवलेला चहा निवून गेला. बाई दारात चपला काढत होत्या, त्यांना म्हटलं, जरा बसा. त्या बसल्या. हात तिथेच.