रोटरी कटर आणि राखीचा झेंडू

२८ सप्टेंबर, शनिवार

आजपासून रोजनिशी. कारण आज रोटरी कटर आला. ट्रॅक्टरच्या मागे लावायचा, गवत कापणारा, लालभडक. द्राक्षबागेच्या ओळींत, विहिरीच्या कडेला, बांधावर, सगळीकडे गवत माजलंय. आता मजुरांच्या मिनतवाऱ्या बंद. विंचूरच्या पंचक्रोशीत असा कटर कोणाकडेच नाही. (शेजारच्या वाल्मीककडे आहे, पण तो हिरवा आहे.)

डीलरचा माणूस म्हणाला, जोडून देतो, दोन गोष्टी समजावतो. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. माहितीपुस्तक इंग्रजीत आहे, पण चित्रं भरपूर आहेत.

बायकोला, राखीला, मशीन बघायला हाक मारली. ती म्हणाली, झेंडूला पाणी चालू आहे, नंतर बघते. विहिरीपलीकडच्या तुकड्यात तिने झेंडू लावलाय, दसऱ्याला विकायला. रोपं तिनेच आणली, तिनेच लावली. मला हातही लावू देत नाही. असू दे. बायकोमाणसाला विरंगुळा हवा.

२९ सप्टेंबर

जोडणी केली. खालच्या दोन पिना बसल्या. वरची टॉप लिंक बसली. ट्रॅक्टरची ताकद मशीनला देणारा शाफ्ट मात्र लांब पडत होता. घण घेतला, बसला.

ट्रायल. गवत कापलं गेलं नाही. झोपलं. मशीन पुढे गेलं की हळूहळू उठून बसायचं. वाल्मीक बांधावर उभाच. म्हणाला, 'नवनाथभाऊ, पाती उलटी बसली हायेत.' म्हटलं, माहीत आहे, मुद्दाम बसवलीत, आधी रनिंग-इन करतात, म्हणजे मशीन रुळवतात. तो गेल्यावर सुलटी केली.

आई हसत होती. राखीसुद्धा हसली. तिचं हसणं बऱ्याच दिवसांनी ऐकलं. मशीनमुळे घरात आनंद आलाय.

३० सप्टेंबर

दुसरी ट्रायल. यशस्वी!

एक बारीकसा प्रॉब्लेम. ओळ संपली की वळताना लिफ्ट उचलायची असते, म्हणजे कटर जमिनीवरून वर येतो. लिव्हर जाम झाला. त्यात विहिरीचं वळण आखूड. तेवढ्यात राखी धावत येताना दिसली. दोन्ही हात वर करून हलवत होती, ओरडत होती. इंजिनच्या आवाजात शब्द कळले नाहीत, पण एवढा उत्साह मी तिच्यात लग्नात पाहिला होता, त्यानंतर आजच. मीही हात हलवला आणि स्पीड वाढवला.

झेंडूच्या थोड्या ओळी गेल्या. थोड्या म्हणजे एक सोडून सगळ्या. कळ्या लागल्या होत्या हे मान्य. पण कट बघावा तर असा! चार बोटं उंची, कुठे वरखाली नाही. राखीला तेच दाखवलं. ती खाली बसली आणि तुटलेल्या कळ्या ओच्यात गोळा करत राहिली. काही बोलली नाही. म्हणजे तिलाही पटलं असावं.

संध्याकाळी राखी माहेरी गेली, सटाण्याला. तिला हवाबदल हवाच होता. दोनचार दिवसांत येईल.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

राखीला फोन केला. उचलला नाही. रेंज नसेल. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, झेंडूचं काय एवढं, पुढच्या वर्षी दुप्पट लावू, गवत मी स्वतः काढून देतो, मशीन आहे. ब्लू टिक आली. म्हणजे वाचलं. म्हणजे मनात आहे.

संकल्प: रोज सकाळी मशीनला ग्रीस आणि रोज संध्याकाळी राखीला फोन. दोन्हींत खंड नको.

७ ऑक्टोबर

ग्रीस केलं. पाती काढून धार लावली. एका पात्याला जास्तच लागली, त्यामुळे मशीन थरथरतं. थरथरू दे, अंगमेहनतीचं काम आहे.

शाफ्टवर एक बोल्ट असतो, तो मुद्दाम कच्चा देतात. पात्याला दगड लागला की बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो, असं वाल्मीक म्हणतो. कालपासून दोन बोल्ट तुटले. हा काय न्याय? तुटायलाच जन्माला घातलेली वस्तू मी माझ्या मशीनला का लावू? जुन्या नांगराचा पोलादी बोल्ट शोधला आणि ठोकून बसवला. आता बोल्ट तुटायचं नाव घेणार नाही.

राखीने फोन उचलला नाही. सासऱ्यांनी उचलला. पुंजाराम मामा बागलाणचे, अहिराणीत बोलतात. म्हणाले, 'ती बरी शे. आते तिले नका बोलावू.' आते म्हणजे आत्ता. आत्ता नको. नंतर चालेल, असंच ना?

११ ऑक्टोबर, खंडेनवमी

ट्रॅक्टर धुतला. आज अवजारांची पूजा. रोटरी कटरची पहिलीच, म्हणून हार मोठा हवा. विंचूरच्या बाजारात गेलो. झेंडू विकत घेताना कसंतरी झालं. घेतला.

आई हार ओवत बसली होती. म्हणाली, 'दारात लावलेला कापला, आन् आता इकतचा आणून त्याच मशीनला घालायचा. काय म्हनावं तुला.' म्हटलं, पूजा महत्त्वाची, फुलं कुठलीही चालतात. ती म्हणाली, 'पोरीनं दोन महिने पानी घातलं व्हतं रे.'

कुंकू लावलं, नारळ फोडला. कटरवर हार फार शोभून दिसला. रात्री जेवण गेलं नाही. नवरात्राचे उपवास आज संपले, मी आज धरला.

२० ऑक्टोबर

राखीचा मुक्काम वाढलाय. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील.

घर फार मोठं वाटतं. राखी असताना एवढं मोठं नव्हतं. सकाळी उठल्यावर मी अजून दोन कप काढतो. आई एक परत ठेवते.

आज मोबाइलवर 'कशी आहेस' असं टाइप केलं. फार पोरकट वाटलं. खोडून टाकलं आणि कटरचा व्हिडिओ पाठवला, दोन मिनिटांचा, बांधावरचं गवत कापतानाचा. क्वालिटी चांगली होती. ब्लू टिक.

२९ ऑक्टोबर

प्लॅन पक्का. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. ओवाळायला नवरा समोर नको? मी सटाण्याला जाणार. नुसता नाही, ट्रॅक्टर आणि कटर घेऊन. मामांच्या डाळिंबाच्या बागेत गुडघाभर गवत आहे. अख्खी बाग साफ करून देतो. मग राखी काय बोलणार? पाडव्याला ओवाळेल, भाऊबीजेला तिच्या भावाला, अश्विनला, ओवाळेल, आणि माझ्याबरोबर परत निघेल.

ओवाळणीला पैठणी घेतली, झेंडूच्या रंगाची. दुकानात आठ रंग होते. हात त्याच रंगावर गेला.

आई म्हणाली, 'मशीन कशाला नेतो? तू नुसता जा ना.' म्हटलं, नुसता जाऊन काय करू?

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन. सटाणा

पहाटे निघालो. चांदवड, देवळा करत दुपारी पोहोचलो. रस्त्यात लोक वळूनवळून बघत होते. मामा दारात उभे. म्हणाले, 'पावना, दिवाळीले ट्रॅक्टर लई उनात?' लई उनात म्हणजे घेऊन आलात. फार कौतुक वाटलं त्यांना.

राखीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. बारीक झालीये. 'प्रवास नीट झाला का' असं विचारलं, पाहुण्यांना विचारतात तसं. मी म्हटलं, चहा नंतर, आधी बाग बघ कशी करतो.

पहिल्याच ओळीत गवताखाली दगड होता. बोल्ट तुटला नाही. माझा बोल्ट तुटणारच नव्हता. गिअरबॉक्स फुटला. सगळं तेल जमिनीवर गेलं. मामा म्हणाले, 'ऱ्हाऊ द्या. लक्ष्मीपूजननी येळ शे.' अश्विनने मशीन ढकलायला हात लावला. राखी ओट्यावरून बघत होती. हात हलवला नाही.

उद्या पाडवा. मशीनचं नंतर बघू. मुख्य काम उद्याचं.

२ नोव्हेंबर, पाडवा

अंघोळ करून, टोपी घालून मी आधीच पाटावर बसलो होतो.

राखी ताट घेऊन आली. आधी मामांना ओवाळलं. मग माझ्यासमोर आली. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी नि अंगठी फिरवली, सगळं नीट, काही चुकलं नाही. निरांजनाच्या उजेडात तिचा चेहरा फार जवळ होता. मला वाटलं, जिंकलो. पैठणी ताटात ठेवली.

तिने ती उचलून माझ्या मांडीवर परत ठेवली. म्हणाली, 'बाबा म्हणाले, दारात आलेल्याला ओवाळल्याशिवाय पाठवू नको. म्हणून ओवाळलं. मी आता येणार नाही.'

म्हटलं, फुलांसाठी एवढं? ती म्हणाली, 'फुलं पुन्हा लावता येतात. मी ओरडत होते, हात हलवत होते, आणि तुम्ही हसून स्पीड वाढवला. नऊ वर्षं मी हात हलवतेय.' रागावली असती तर बरं झालं असतं. मला रागाचं उत्तर देता येतं.

मामा मान खाली घालून बसले होते. मी पाटावरून उठलो नाही, कारण उठून कुठे जायचं ते सुचेना.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

सकाळी निघालो. फुटकं मशीन मागे उचलून धरलेलं. दिवसभर ट्रॅक्टरच चालवला. संध्याकाळी घरी आलो.

आई दारातच होती. माझ्या मागे बघितलं, मग माझ्याकडे. विचारलं, 'राखी?' म्हटलं, नाही येणार. कधीच नाही.

ती म्हणाली, 'डोळे लाल झाले रे तुझे.' म्हटलं, गवत कापताना कचरा उडतो, तो गेला असेल डोळ्यात.

आई म्हणाली, 'आज कुठं गवत कापलं तू?'

मग मी ओट्यावर बसलो आणि रडलो. आई शेजारी बसून राहिली.