मावशीच्या लिंबाखालची मोटार

केडगाव, १२ जानेवारी १९४७

तीर्थरूप आईस, गोरक्षचा लांबूनच पाया पडून नमस्कार.

माझी तब्येत चांगली हाय. दोन्ही वेळा पोटभर जेवतो. शेटच्या हॉटेलात आता सहा बाकं झाली. पुण्याच्या उतारूंच्या सगळ्या मोटारी आमच्याच दारात थांबतात, म्हणून शेट माझ्यावर लई खूश हाय. तुझा गुडघा कसा हाय? शेळी व्याली का?

तू मावशीचं विचारलंस. ती बरी हाय. अजून सडकेकडंच्या लिंबाखाली पिठलं-भाकरी घेऊन बसते, पण तिथं आता मोटार थांबत न्हाई. मी इथं नवा आलो तवा महिनाभर तिनंच मला जेवू घातलं हुतं.

आई, तुझ्यापासून काय लपवू? ड्रायवरला जेवण फुकट द्या, म्हंजे तो आपल्याच दारात मोटार उभी करील, हे शेटला मीच सुचवलं. वाटलं, एखादी येईल. सगळ्याच आल्या.

काल मावशी फडक्यात भाकरी बांधून आली. म्हणाली, "उतारू न्हाईत, उरल्यात, तू खा." मग हळूच म्हणाली, "गोरक्ष, ड्रायवर लोक माझ्यावर का रागावलं, जरा इचारशील का?"

मी "इचारतो" म्हणालो आणि तिच्यासमोर बसून भाकरी खाल्ली.

आज ती परत आली, तर मी मागं चुलीपाशी दडलो. बराच वेळ वाट बघून बाकावर भाकरी ठेवून गेली. ती भाकरी अजून तशीच हाय.

तिला तू काही कळवू नको.

तुझा,
गोरक्ष