ह्यांच्या रांगेतले टोमॅटो

४ मार्च

शी! पुन्हा तेच. ह्यांच्या रांगेतले सहाही टोमॅटो चितकबरे झालेत, पानं अर्धी हिरवी, अर्धी पिवळट, शेंडे दोऱ्यासारखे बारीक. हात लावायची किळस येते. शेजारच्या माझ्या रांगेला मात्र काही नाही.

"तू पाणी फार घालतेस," हे म्हणाले. मग माझ्या रांगेला काय सरबत घालते?

५ मार्च

ठरलं. सगळं उपटायचं आणि रोगाला दाद न देणारं वाण आणायचं. गेल्या पावसाळ्यात करपा, त्याआधी उन्हाळ्यात मर रोग. बियांची पाकिटं वाचून वाचून डोळे फुटले. एक मर सोसतं तर करप्यानं जातं, दुसरं करपा सोसतं तर मर धरतं.

बाग ह्यांना मीच लावून दिली. गालातली गाठ काढून चौदा महिने झाले. "आता तंबाखूची चिमूटही गेली तर जबडा काढावा लागेल," असं डॉक्टरांनी माझ्यादेखत बजावलं होतं. सोडली तेव्हापासून हाताला चाळा हवा, म्हणून रोज सकाळी एकटेच आपल्या रांगेतले फुटवे खुडत बसतात.

८ मार्च

बियाण्याच्या दुकानात एक फांदी घेऊन गेले. दुकानदारानं ती बोटानं नाही, काडीनं उलटून पाहिली.

"वहिनी, घरात तंबाखू कोण खातं?"

"कोणी नाही."

"मग आश्चर्य आहे. हा तंबाखूवरचा रोग. तंबाखूच्या हातानं खुडलं की झाडाला लागतो." आणि एक पाकीट पुढे केलं. "हे न्या. दिवसभर तंबाखू खाऊन हात लावला तरी ह्याला काही होत नाही."

पाकीट घेतलं.

घरी आल्यावर विचारलं. "वेडी का तू? तुझ्या गळ्याची शपथ!" माझ्या गळ्याची! वर म्हणे, दुकानदाराला माल खपवायचाय.

९ मार्च

सापडली. खताच्या गोणीमागे, डब्यात. ओलसर पुडी, वरची तारीख गेल्या महिन्याची.

"कधीतरी. एखादी चिमूट," हे म्हणाले. मान खाली.

ज्या तोंडात मी सहा आठवडे नळीनं दूध घातलं, त्या तोंडात! पहिल्यांदाच ह्यांची शिसारी आली. जेवण वाढलं आणि मी उठून गेले.

११ मार्च

पुडी माझ्यासमोर गटारात टाकली. "आता खरंच सोडली." डॉक्टरांच्या दारातही अशीच टाकली होती.

रोगट रोपं उपटून जाळली. वाफ्यातली माती बदलली, कात्री उकळली, काठ्या नव्या आणल्या. ह्यांचे हात साबणानं दोनदा धुवायला लावले.

१२ मार्च

आज काय तो उत्साह! "ते नवं बी लावून टाकू या. रोगबिग काही नाही, कटकटच नको." कधी नव्हे ते स्वतः वाफा भिजवला. पाकीट तीनदा वाचलं. चोराच्या मनात चांदणं.

लावू म्हटलं. पण ओट्याशी उभी राहिले आणि पाय निघेनात. ह्यांनी पुन्हा खाल्ली तर मला सांगणार कोण? हे? जबड्याला गाठ येईपर्यंत तर हे हसूनच दाखवतील.

१४ मार्च

पाकीट बदलून आणलं. दुकानदार म्हणाला, "वहिनी, हे साधं वाण. तंबाखूचा हात लागला की लगेच धरेल."

"तेच द्या," म्हटलं.

ह्यांच्या रांगेत सगळं तेच पेरलं. ह्यांना सांगितलेलं नाही.