आपली केस आपणच

३ जानेवारी
घर खाली करा म्हणून नोटीस. घरमालकाच्या मुलीला इथे राहायचंय म्हणे. कोर्टात भेटू! वकील करणार नाही. ऑफिसातल्या प्रत्येक निरोप समारंभात भाषण मीच ठोकतो, कोर्टात तरी वेगळं काय असतं? बायको म्हणाली, तिचा भाऊ एका चांगल्या वकिलाला ओळखतो. मेहुणा कोणालाही ओळखतो. विषय संपवला.

९ जानेवारी
कायद्याचं पुस्तक आणलं. रोज पहाटे अभ्यास. जाड आहे.

१० जानेवारी
पहाटे थंडी. अभ्यास संध्याकाळी.

११ जानेवारी
संध्याकाळी मॅच.

२ फेब्रुवारी
पहिली तारीख. लग्नातला काळा कोट घातला. बटण लागेना, पण शिपायाने वकील समजून सलाम ठोकला. समोरच्या वकीलबाईंचा आवाज अगदीच बारीक. कीव आली. त्यांनी पुढची तारीख मागितली. घाबरल्या.

२० फेब्रुवारी
बायको दुकानातून रिकामी खोकी आणून ठेवतेय. आवराआवरीची फार हौस. तिचं शिलाई मशीन रस्त्याकडच्या खिडकीत आहे, गिऱ्हाइकं खिडकीतूनच कपडे देतात. घर गेलं तर माझं काम बसेल, हे कोर्टात सांगा, असं पुन्हा म्हणाली. किरकोळ मुद्दा. मी थेट काळजाला हात घालणार आहे.

७ मार्च
माझी साक्ष. हात पसरून म्हटलं, न्यायाधीश महाराज, हे घर आपलं आहे! डोळ्यांत पाणी आलं. माझ्याच.
वकीलबाईंनी बारीक आवाजात विचारलं, आपलं म्हणजे कोणाचं? मी ठणकावलं, माझं! त्या म्हणाल्या, म्हणजे घरमालकांची मालकी तुम्हाला मान्य नाही? भाडेकरूने असं म्हटलं की तेवढ्यावरही घर जाऊ शकतं. (पुस्तकात आहे म्हणे. त्या पानापर्यंत पोचलो नव्हतो.) घाईघाईने म्हटलं, छे छे, ‘आपलं’ आदराने म्हटलं, म्हणजे मालकांचं. त्या थँक यू म्हणून बसल्या. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. आणखी काही सांगायचंय का, असंही विचारलं. नाही म्हटलं. भाषण उंचीवर असताना थांबवावं.
एकूण छाप पडली.

रात्री
मेहुण्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. एरवी माझ्या प्रत्येक गोष्टीला हसतो.

२८ मार्च
हरलो. न्यायाधीश म्हणाले, घर गेलं तर तुमची काय अडचण होईल, हे तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत. बायको माझ्याकडे बघेल असं वाटलं. तिने बघितलंच नाही. फार वाईट वाटलं. कोट काढून ठेवला.

५ मे
नवं घर, मागच्या अंगाला. रस्ता दिसत नाही. मशीन भिंतीकडे तोंड करून. अजून एकही गिऱ्हाईक आलं नाही.
राहायला आलो त्या दिवशी नवे घरमालक किल्ली देताना म्हणाले, आपलंच घर समजा. मी आभाराचे दोन शब्द बोलायला घसा खाकरला. बायको पटकन पुढे झाली आणि म्हणाली, नाही हो, तुमचं घर, आम्ही भाडेकरू. फक्त रस्त्याकडची एखादी खोली रिकामी झाली तर आधी आम्हाला सांगा, माझं शिवणकाम आहे.
ते लगेच हो म्हणाले.
किल्ली तिने स्वतःकडेच ठेवली.